हायड्रा: मोटारी नसलेल्या ग्रीक बेटावर एकट्याने निवांत दिवस कसा घालवावा

हायड्रावर येणारे बरेचसे लोक नेमके चुकीच्या वेळी तिथे असतात. सकाळी दहा-अकराला बोटीतून उतरायचं, ऐन उन्हात बंदरावर फोटो काढायचे, धक्क्यावरच्या पहिल्या हॉटेलात जेवायचं आणि चार-पाचच्या बोटीने अथेन्सला परत. हे बेट खुलतं ते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. म्हणून या लेखातला पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच: एक रात्र तरी मुक्काम करा, जमलं तर दोन. आदल्या संध्याकाळी पोहोचलात तर दुसरा अख्खा दिवस तुमचा असतो. पुढे जे सांगितलं आहे ते त्याच हिशेबाने.

अथेन्सहून एका दिवसात तीन बेटं दाखवणाऱ्या सहली मिळतात: एजिना, पोरोस आणि हायड्रा. त्यात हायड्राच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास येतात. ज्यांच्याकडे खरोखर एकच दिवस आहे त्यांनी ही सहल जरूर घ्यावी. पण निवांतपणा हवा असेल तर तो या सहलीत मिळणार नाही.

बेटावर मोटारींना बंदी आहे. कचऱ्याची गाडी, अग्निशमनाची गाडी, रुग्णवाहिका असे मोजके अपवाद सोडले तर चाकांचं वाहन नाही. स्कूटर नाही, सायकलही नाही. सिमेंटची पोती, फ्रीज, भाजीचे खोके, पाहुण्यांच्या बॅगा हे सगळं खेचरांच्या पाठीवरून वर जातं. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून चालत गावात गेलेल्या माणसाला ही व्यवस्था लगेच कळेल. इथे लाल मातीच्या जागी दगडी फरसबंदी आणि पायऱ्या असतात, आणि त्या पायऱ्या पुष्कळ असतात.

कधी जावं

मे, जूनचा पूर्वार्ध, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं, खोल्या महागतात, आणि शनिवार-रविवारी अथेन्सचे लोक लोटतात. एकट्या प्रवाशाला खोलीचं पूर्ण भाडं एकट्यानेच भरावं लागतं, त्यामुळे मंगळवार-बुधवारसारखा मधला वार निवडला की फरक जाणवतो. मे महिन्यात समुद्राचं पाणी आपल्याला गारच लागेल. पोहणं हा मुख्य हेतू असेल तर सप्टेंबर निवडा, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हाही ऊबदार असतो.

ऑर्थडॉक्स ईस्टरचा आठवडा ही वेगळीच गोष्ट. गुड फ्रायडेच्या रात्री कामिनी या कोळीवाड्यात येशूची फुलांनी सजवलेली प्रतीकात्मक शवपेटी लोक खांद्यावर घेऊन थेट समुद्रात उतरतात आणि पाण्यात उभं राहून प्रार्थना होते. हे पाहायचं असेल तर खोली काही महिने आधी ठरवा आणि त्या दिवसांत निवांतपणाची अपेक्षा ठेवू नका. ऑर्थडॉक्स ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते आणि ती बहुतेक वेळा पाश्चात्य ईस्टरपेक्षा वेगळी असते, तेव्हा कॅलेंडर नीट पाहून घ्या.

पिरेअसहून बेटापर्यंत

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. जर्मनी, नेदरलँड्स किंवा फ्रान्समध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींकडे तिथला वैध निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना मात्र लागतो.

अथेन्स विमानतळावरून मेट्रोची निळी म्हणजे ३ क्रमांकाची लाईन २०२२ पासून थेट पिरेअस या अथेन्सच्या बंदरापर्यंत जाते. विमानतळ ते पिरेअस ही एक्स-९६ बस चोवीस तास धावते. मध्यरात्री उतरणाऱ्यांना तिचा उपयोग होतो, कारण विमानतळावरची मेट्रो रात्री बंद असते. हायड्राच्या बोटी ई-८ या फाटकाजवळून सुटतात. 'दिमोतिको थेआत्रो' या मेट्रो स्थानकावर उतरलात तर तिथून चालत जाता येतं. पिरेअस हे प्रचंड बंदर आहे, फाटकं एकमेकांपासून लांब आहेत, म्हणून बोटीच्या पाऊण तास आधी तिथे पोहोचा.

हायड्राला मोटारी वाहून नेणारी मोठी फेरी जात नाही. जातात त्या हायड्रोफॉइल आणि कॅटमरान जातीच्या वेगवान प्रवासी बोटी. प्रवास दीड ते दोन तासांचा, वाटेत बहुधा पोरोस लागतं. बोटीतल्या घोषणेत स्थानिक उच्चार 'इद्रा' असा ऐकू येईल. तो कानात ठेवा, नाहीतर थांबा निसटायचा. या बोटींना उघडा डेक जवळजवळ नसतोच. बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्या आणि मागच्या बाजूची खुर्ची पकडा.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. वारा वाढला की बंदर अधिकारी बोटींवर बंदी घालतात, आणि वेगवान बोटी मोठ्या फेरीच्या आधी थांबतात. हायड्रासाठी मोठी फेरी नाहीच, म्हणजे दुसरा पर्याय उरतो तो समोरच्या पेलोपोनीजच्या, म्हणजे ग्रीसच्या मुख्य भूमीला जोडलेल्या द्वीपकल्पाच्या, किनाऱ्यावरच्या मेतोखी धक्क्याचा. तिथून लहान बोटीने बेट सुमारे वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. पण मेतोखीहून अथेन्सला जायला गाडी लागते, आणि फार वारा असेल तर ही लहान बोटही थांबते. म्हणून बेटावरून निघण्याचा दिवस आणि परतीच्या विमानाचा दिवस एक ठेवू नका. मध्ये एक रात्र अथेन्समध्ये काढा.

सामान

पाठीवरची एक पिशवी, सात-आठ किलोची, पुरते. चाकांची बॅग बंदराच्या सपाट भागात चालते. पहिली पायरी लागली की ती हातात उचलावी लागते, आणि पुढे शंभरेक पायऱ्या असू शकतात. खोली ठरवतानाच मालकाला विचारा: 'धक्क्यापासून किती पायऱ्या?' अंतर विचारून काही कळत नाही, कारण तीनशे मीटर म्हणजे नकाशावर काहीच नाही, पण ते सरळ वर असू शकतात. सामान जड असेल तर धक्क्यावर खेचरवाले उभे असतात. बॅग चढवण्यापूर्वी भाव ठरवून घ्या.

खेचरावर स्वतः बसण्याबद्दल मी आग्रहाने सांगेन: धडधाकट असाल तर बसू नका. ही जनावरं दिवसभर बेटाचं सगळं ओझं वाहतात, उन्हात उभी असतात. गुडघे दुखत असतील, वय झालं असेल तर गोष्ट वेगळी.

बूट घट्ट पकडीचे हवेत. शतकानुशतकं पावलांनी गुळगुळीत झालेला दगड कोरडा असतानाही घसरतो. पोहण्यासाठी रबरी जोडे वेगळे घ्या, कारण खडकांवर समुद्री साळू असतात आणि त्यांचा काटा पायात मोडला की पुढचे दोन दिवस लंगडावं लागतं. टोपी, सनस्क्रीन, दोन लिटर पाण्याची बाटली, आणि मठात जाण्यासाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे. पातळ सुती ओढणी किंवा उपरणं जवळ असलं की पोहून आल्यावर अंग पुसायला, उन्हात डोक्यावर घ्यायला आणि मठात पांघरायला एकच वस्तू पुरते.

पहाटे: वरचा मठ

पूर्ण दिवसात चालायचं असेल तर ते सकाळीच. जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, सप्टेंबर अखेरीला सव्वासातला. उजाडताना निघा. वाट बंदराच्या मागून मियाउली रस्त्याने वर चढते, काला पिगादिया या वरच्या वस्तीतून जाते. तिथल्या जुन्या विहिरी हा बेटाचा एकेकाळचा जीव होता. पाणी या बेटावर कायम दुर्मीळ. जुन्या घरांखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी आहेत, आणि कित्येक वर्षं मुख्य भूमीवरून जहाजाने पाणी आणावं लागायचं. खोलीत नळ सोडताना हे आठवणीत ठेवा.

घरं संपली की पाइनची झाडं लागतात, मग दगडी वाट वळणं घेत वर जाते. प्रोफितिस इलिआस मठ सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. सावकाश चाललं तर दीड तास, दमाने थांबत गेलं तर दोन. एकट्याने जाताना खोलीच्या मालकाला सांगून निघा, फोन पूर्ण चार्ज ठेवा. आणीबाणीचा क्रमांक ११२. वाटेत दुकान नाही, म्हणून पाणी आणि काही खायला सोबत असू द्या. मठ दुपारी बंद असतो, हेही लवकर निघण्याचं एक कारण.

१८२५ मध्ये ऑटोमन तुर्कांविरुद्धच्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या ऐन मध्यात ग्रीकांचेच दोन गट एकमेकांशी भांडत असताना सेनापती थिओदोरोस कोलोकोत्रोनिस याला याच मठात कैदेत ठेवलं होतं. इजिप्तच्या इब्राहिम पाशाचं सैन्य पेलोपोनीजमध्ये घुसल्यावर त्याला सोडावं लागलं. मठाच्या आवारातून पेलोपोनीजचा किनारा समोर दिसतो. आपला मुलुख डोळ्यांपुढे असताना हात बांधलेल्या त्या माणसाचे महिने कसे गेले असतील, हा विचार तिथे बसल्यावर येतोच.

आणखी वर एरोस शिखर आहे, सुमारे ५९० मीटर. निवांत दिवसासाठी त्याची गरज नाही. मठाशी बसा, पाणी प्या, खाली उतरा. नऊ-साडेनऊपर्यंत (सप्टेंबर अखेरीला दहापर्यंत) गावात परत आलात की ऊन चढण्याआधी काम झालं.

चढण नको असेल तर तीच वेळ बंदरावर घालवा, त्यात कमीपणा काही नाही. सकाळी सात-आठला मालाच्या होड्या लागतात, खेचरांवर ओझी चढतात, दुकानांची दारं उघडतात, मांजरं कोळ्यांच्या जाळ्यांभोवती घोटाळतात. बेट कसं चालतं हे या तासाभरात समजतं.

न्याहारी, आणि बंदराच्या मागचं गाव

बेकरीतून गरम तिरोपिता किंवा स्पानाकोपिता घ्या. पहिलीत चीज असतं, दुसरीत पालक आणि चीज, दोन्हींत मांस नसतं. धक्क्यावरच्या कॅफेत बसून 'फ्रेदो एस्प्रेसो' मागवा, म्हणजे बर्फावरची फेसाळ थंड कॉफी. ग्रीक माणूस ती तासभर पुरवतो आणि कोणी उठवत नाही. एकट्या प्रवाशाला याहून सोयीचा रिवाज दुसरा नसेल.

दहा-अकराला पहिल्या मोठ्या बोटी येऊन माणसं ओततात. तेव्हा बंदर सोडून वस्तुसंग्रहालयात किंवा मागच्या गल्ल्यांत शिरा. धक्क्याच्या पूर्वेला १९१८ मध्ये स्थापन झालेलं ऐतिहासिक दप्तर-संग्रहालय आहे. स्वातंत्र्ययुद्धातला नौसेनापती आंद्रेआस मियाउलिस याचं जतन केलेलं हृदय तिथे एका कलशात ठेवलं आहे. जहाजांचे नकाशे, शस्त्रं, गलबतांच्या पुढच्या टोकाच्या कोरीव मूर्ती पाहताना एवढ्याशा खडकाळ बेटाची ताकद लक्षात येते.

ती ताकद आली व्यापारातून. नेपोलियनच्या युद्धकाळात ब्रिटिश नौदलाने बंदरांची नाकेबंदी केली असताना हायड्राचे नावाडी ती चुकवून धान्य पोहोचवत आणि अफाट नफा कमावत. बंदरावर उभ्या असलेल्या करड्या दगडाच्या, किल्ल्यासारख्या हवेल्या त्या पैशांतल्या. १८२१ मध्ये बंड झालं तेव्हा हीच व्यापारी जहाजं तोफा चढवून युद्धात उतरली. पुढे वाफेची जहाजं आली, व्यापार सिरोस बेट आणि पिरेअसकडे गेला, बेट गरीब झालं, लोक समुद्रतळाचे स्पंज काढून पोट भरू लागले. नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं गाव टिकलं. पुढे त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. आज आपण जे सौंदर्य पाहतो त्यामागे अनेक पिढ्यांची ओढाताण आहे.

पश्चिमेच्या चढावर पिवळसर रंगाची लाझारोस कुंदुरिओतिसची हवेली संग्रहालय म्हणून खुली आहे. वर जायला पायऱ्या आहेत, पण खिडक्यांतून अख्खं बंदर दिसतं. आणि घंटाघराच्या कमानीतून आत गेलात तर व्हर्जिन मेरीच्या जुन्या मठाचं संगमरवरी अंगण लागतं. बाहेर शंभर माणसं असताना आत चार असतात. अर्धा तास तिथे बसा.

दुपार: सावली, जेवण, झोप

साडेबारा ते पाच या वेळात उन्हात चालायचं नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. ग्रीक लोक दोनच्या पुढे जेवतात आणि मग गाव झोपतं. तीन ते साडेपाच हा शांततेचा काळ मानला जातो, तेव्हा खोलीच्या आवारात फोनवर मोठ्याने बोलू नका.

जेवायला कामिनीला जा. बंदराच्या पश्चिमेकडून किनाऱ्याची वाट जाते, पंधरा-वीस मिनिटं. साडेअकरा-बाराला निघालात तर ऊन तापण्याआधी पोहोचाल. लहान होड्यांचं बंदर, त्याच्या काठाला खानावळी, आणि धक्क्यावरच्यापेक्षा थोडे बरे भाव.

शाकाहारी माणसाची ग्रीसमध्ये चांगली सोय होते, फक्त नावं माहीत हवीत. 'लादेरा' म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. त्यात फसोलाकिया म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या शेंगा, आणि ब्रियाम म्हणजे बटाटा-वांगं-झुकिनीची भट्टीत भाजलेली भाजी. 'गिगान्देस' हे मोठे पांढरे वाल टोमॅटोच्या रशात येतात, आपल्या जिभेला लगेच रुचतात. 'फावा' ही पिवळ्या डाळीची घट्ट आमटी, वर कांदा आणि तेल. 'होर्ता' म्हणजे उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून. 'गेमिस्ता' म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या. त्यात कधी खिमा असतो, म्हणून 'होरिस क्रेआस?' असं विचारा, म्हणजे मांसाशिवाय. उपवासाच्या पदार्थांना 'निस्तिसिमा' म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी-कालवं चालतात, हे शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पदार्थांची ताटं दोन-तीन जणांच्या हिशेबाने येतात. एकट्याने 'मिसी मेरिदा' म्हणजे अर्धी थाळी मिळेल का असं विचारायला हरकत नाही. पुष्कळ ठिकाणी देतात. पाव आपोआप येतो आणि त्याचे पैसे लागतात. नको असेल तर परत पाठवा. मासे किलोच्या भावाने असतात, तेव्हा आधी वजन करून किंमत विचारा. एकटं बसून जेवताना संकोच वाटत असेल तर दुपारचं जेवण त्यासाठी सोपं आहे: खानावळ अर्धी रिकामी असते आणि समोर समुद्र असतो.

जेवून खोलीवर परत, दुपारच्या नियमाला एवढाच पंधरा-वीस मिनिटांचा अपवाद. पंखा लावा आणि झोपा. संध्याकाळ लांब असते, ती जागेपणी घालवायची तर ही झोप हवी.

पाचनंतर: समुद्र

हायड्रावर वाळूचे लांब किनारे नाहीत. गावाजवळ पोहायचं ते खडकांवरून आणि बांधलेल्या कट्ट्यांवरून. स्पिलिया ही बंदराच्या पश्चिम टोकाची जागा सगळ्यात जवळची. शिडी धरून उतरलात की पाणी लगेच खोल, डोक्यावरून. चांगलं पोहता येत नसेल तर तिथे उतरू नका, एकटे असाल तर मुळीच नको. त्यांच्यासाठी व्लिखोस: कामिनीच्या पुढे वीस-तीस मिनिटांवरचा गोट्यांचा किनारा, वाटेत जुना दगडी पूल. तिथे पाय टेकवत पाण्यात जाता येतं. पूर्वेला मांद्राकीचा किनारा, चालत साधारण अर्ध्या तासाच्या अंतरावर.

पोहायला जाताना पासपोर्ट खोलीवर ठेवा, फोन आणि थोडे पैसे पाणीरोधक पाकिटात गळ्यात. कपड्यांवर लक्ष ठेवायला शेजारच्या कुटुंबाला सांगा. बेटावर यात कोणाला वावगं वाटत नाही.

लाल-पिवळ्या 'वॉटर टॅक्सी' बंदरात दिसतील. त्यांचा दर माणशी नसून होडीचा असतो, म्हणजे चौघांना परवडतं ते एकट्याला जड जातं. एकट्याने हंगामात किनाऱ्यांकडे जाणाऱ्या माणशी तिकिटाच्या होड्या शोधाव्यात. त्या व्लिखोसला जातात आणि पलीकडच्या बिस्ती, आयिओस निकोलाओस या खाड्यांनाही. तिथे जाल तर परतीची शेवटची होडी किती वाजता, हे उतरण्याआधी होडीवाल्याला विचारा, कारण त्या बाजूने पायी परतणं खूप लांबचं आहे.

सूर्य पेलोपोनीजच्या डोंगरांमागे मावळतो. जूनच्या शेवटी नऊला थोडा वेळ असताना, सप्टेंबर अखेरीला सव्वासातच्या सुमारास. बंदर ते कामिनी वाटेवरची कुठलीही कठड्याची जागा चांगली. महागड्या बारमध्ये टेबल धरण्याची गरज नाही.

रात्र

शेवटच्या बोटी गेल्या की गावाचा आवाज बदलतो. बेटावर सुमारे दोन हजार माणसं राहतात आणि रात्री ती बंदरावर उतरतात. आज्या बाकांवर, मुलं चेंडू घेऊन, म्हातारे कॉफीपाशी. जेवण नऊनंतरच. दुपारी भरपेट झालं असेल तर एक सलाड पुरे. गोड म्हणून 'अमिग्दालोता' घ्या: बदामाची मऊ मिठाई, वरून पिठीसाखर, आत फुलांच्या अर्काचा वास. हायड्राची ती खास ओळख आहे आणि डब्यात घालून घरी नेली तरी टिकते. उन्हाळ्यात गार्डेनिया हे उघड्यावरचं सिनेमागृह चालू असतं. परदेशी चित्रपट मूळ भाषेत, खाली ग्रीक अक्षरं.

एकट्या बाईने रात्री फिरण्याबद्दल विचारणा होते. गल्ल्यांत वावर असतो, बेट लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. खरी काळजी अंधाऱ्या पायऱ्यांची. फोनचा उजेड वापरा, आणि खोलीकडे जाणारी वाट दिवसा एकदा चालून पाहा. पायऱ्यांच्या गल्ल्या एकसारख्या दिसतात, नकाशाचा निळा ठिपका उंच भिंतींत भरकटतो. वळणावरचं चर्च, निळं दार, लिंबाचं झाड अशा खुणा लक्षात ठेवलेल्या जास्त कामाला येतात.

निघण्याआधी

बोटीचं तिकीट ऑनलाइन काढलेलं असलं तरी सकाळी धक्क्यावरच्या कचेरीत बोट वेळेवर आहे का ते विचारा. एटीएम, औषधाचं दुकान आणि छोटं आरोग्य केंद्र गावात आहे. गंभीर रुग्णाला मुख्य भूमीवर न्यावं लागतं, म्हणून प्रवासविमा घेतलेला असू द्या आणि नेहमीची औषधं जास्तीची ठेवा. शौचालयात कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा, हा ग्रीसभरचा नियम आहे, कारण सांडपाण्याचे नळ अरुंद असतात. खोली दहा-अकराला सोडावी लागते आणि बोट संध्याकाळची असेल तर पिशवी ठेवू देता का, हे मालकाला आदल्या रात्रीच विचारून ठेवा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि मग शेवटचं पोहणं पाठीवर ओझं न घेता होतं.